सामायिक सर्व्हरवर प्रोसेसरची सुरक्षा आणि वेग: मिटिगेशन बंद करण्याआधी काय काय बघायचं

सर्व्हर मंद झाला अशी तक्रार येते, तुम्ही शोधाशोध करता आणि कुठेतरी वाचायला मिळतं की कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, बूट होताना 'मिटिगेशन्स=ऑफ' एवढंच सांगितलं की मशीन पुन्हा पळायला लागतं. मिटिगेशन म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषांवरचे उपाय, आणि हा शब्द ते बंद करतो. शब्द छोटा आहे, रीबूट काही मिनिटांचा आहे आणि मोह मोठा आहे. हा लेख त्या क्षणासाठी लिहिला आहे. एकापेक्षा जास्त माणसांचं काम चालणाऱ्या मशीनची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी. मग ते मशीन प्रयोगशाळेतला लॉगिन सर्व्हर असो, व्हर्च्युअल मशीनचा होस्ट असो किंवा कंटेनर चालवणारा नोड असो. उदाहरणं लिनक्सची घेतली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच लागतील.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न 'किती वेग हवा' इथून सुरू होत नाही. 'एकाच प्रोसेसरवर कोणाच्या शेजारी कोणाचा कोड चालतो' इथून सुरू होतो. शेजार नीट समजला की बाकीचे बरेचसे निर्णय सोपे होतात. आणि पुष्कळदा असं लक्षात येतं की संरक्षण काढून टाकण्याची गरजच नव्हती, कामं वेगळी बसवायची होती.

आधी दुखणं समजून घ्या

प्रोसेसर उतावळा असतो, आणि त्याला कारण आहे. अगदी जवळच्या छोट्या मेमरीतून, म्हणजे एल-वन कॅशमधून, आकडा आणायला त्याला ४-५ क्लॉक सायकल लागतात. तोच आकडा मुख्य मेमरीतून आणायचा तर २००च्या आसपास किंवा त्याहून जास्त. एवढा वेळ हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा तो पुढच्या सूचना अंदाजाने चालवून टाकतो. 'जर असं असेल तर तसं कर' अशी अट आली की मागच्या अनुभवावरून कुठली बाजू लागेल ते ठरवतो आणि त्या वाटेने पुढे निघतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं काम पुसून मागे येतो. याला स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्यूशन म्हणतात. आजच्या प्रोसेसरचा बराचसा वेग यावर उभा आहे.

गोम अशी की पुसताना रजिस्टरमधले आकडे पुसले जातात, पण कॅशमध्ये जे येऊन बसलं ते तिथेच राहतं. याचा फायदा कसा घेतात ते एकदा सावकाश बघा, कारण पुढचं सगळं यावरून समजतं. हल्लेखोर स्वतःच्या मेमरीत २५६ पानं घेतो, प्रत्येक ४०९६ बाइटचं, आणि ती सगळी कॅशमधून बाहेर काढतो. मग तो प्रोसेसरला असा चुकीचा अंदाज करायला लावतो की त्या वाटेवर एक गुप्त बाइट वाचला जाईल आणि त्या बाइटची जी किंमत असेल, त्या क्रमांकाच्या पानाला हात लागेल. समजा तो बाइट ७७ आहे, म्हणजे इंग्रजी मोठ्या लिपीतला 'एम'. ७७ क्रमांकाचं पान कॅशमध्ये येतं. तेवढ्यात प्रोसेसरला चूक कळते आणि तो सगळं मागे घेतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. आता हल्लेखोर ० ते २५५ ही सगळी पानं एकेक करून वाचतो आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते मोजतो. बाकीची पानं रेंगाळत येतात, एकच झटकन येतं. ते ७७. पासवर्डचं एक अक्षर हाती आलं. मग पुढचं.

यात कुठली परवानगी मोडली गेली नाही, लॉगमध्ये एक ओळही उमटली नाही. म्हणून 'आमच्याकडे असं काही झालेलं दिसत नाही' या वाक्याला इथे फार अर्थ उरत नाही.

३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी हे दोष जाहीर झाले. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले यान हॉर्न, ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाचा गट आणि आणखी काही संशोधक वेगवेगळ्या वाटांनी त्यांच्यापर्यंत पोचले होते. मेल्टडाउनमुळे इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरवर साधा प्रोग्रॅम थेट कर्नलची मेमरी वाचू शकत होता. एएमडीच्या प्रोसेसरना त्याची बाधा नव्हती. स्पेक्टरने मात्र दोघांनाही गाठलं, शिवाय आर्मलाही. त्यानंतर हे प्रकरण थांबलेलं नाही. ऑगस्ट २०१८मध्ये एल-वन-टी-एफ, मे २०१९मध्ये एमडीएस, जुलै २०२२मध्ये रेटब्लीड, ऑगस्ट २०२३मध्ये इंटेलवरचा डाउनफॉल आणि एएमडीवरचा इन्सेप्शन. प्रत्येकाबरोबर नवा उपाय आला, म्हणजेच मिटिगेशन, आणि प्रत्येक उपायाने वेगाचा थोडा किंवा बराच वाटा घेतला.

हा वाटा कुठे जातो हे कळलं की मोजमाप सोपं होतं. बहुतेक मिटिगेशन टोलनाक्यासारखी असतात: गावातल्या गावात कितीही फिरा, काही पडत नाही, हद्द ओलांडली की पैसे. प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये जाणं, व्हर्च्युअल मशीनमधून होस्टकडे येणं, एका प्रोसेसकडून दुसरीकडे वळणं या त्या हद्दी. मेल्टडाउनवरचा पीटीआय हा उपाय कर्नलची आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं (कुठलं मेमरी पान कुठे आहे याचे तक्ते) वेगळी ठेवतो, त्यामुळे प्रत्येक सिस्टिम कॉलला जाताना आणि येताना टेबल बदलावं लागतं. एमडीएसवरचा उपाय हद्दीवर प्रोसेसरचे आतले बफर धुऊन काढतो. काही उपाय मात्र नाक्यावर न थांबता गावातच कर घेतात. डाउनफॉलवरचा उपाय 'गॅदर' प्रकारच्या, म्हणजे मेमरीत विखुरलेले आकडे एकदम गोळा करणाऱ्या, सूचनाच मंद करतो. काही विशिष्ट कामांत ५० टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो असं खुद्द इंटेलने सांगितलं होतं.

पायरी १: शेजाऱ्यांची यादी करा

कागद घ्या आणि लिहा: या मशीनवर कोणाकोणाचा कोड चालतो? माणसांची नावं पुरेशी नाहीत. माणूस विश्वासातला असणं आणि त्याने चालवलेला कोड विश्वासातला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा सहकारी सज्जन असेल, पण काल त्याने इंटरनेटवरून उतरवलेलं पॅकेज कोणी लिहिलं हे त्यालाही माहीत नसतं. बाहेरच्यांनी पाठवलेला कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा सर्व्हर असेल, तर अनोळखी कोड दिवसभर तुमच्या मशीनवर चालतोच आहे. ब्राउझरमधून वापरायच्या नोटबुक सेवांचंही तसंच.

मग लिहा: त्या कोडच्या शेजारी चोरण्यासारखं काय आहे? दुसऱ्या वापरकर्त्याच्या एसएसएच किल्ल्या, डेटाबेसचा पासवर्ड, टीएलएस प्रमाणपत्राची खाजगी किल्ली, दुसऱ्या ग्राहकाची व्हर्च्युअल मशीन. ज्या मशीनवर एकच प्रोग्रॅम चालतो आणि त्याला लागणारी सगळी गुपितं त्याच्याकडेच आहेत, तिथे चोरायला शेजारी कोणी नसतो.

आता चार हद्दी तपासा. वापरकर्त्याकडून कर्नलकडे, एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे, व्हर्च्युअल मशीनकडून होस्टकडे, आणि एका व्हर्च्युअल मशीनकडून दुसरीकडे. यातल्या कुठल्या हद्दीवर दोन्ही बाजूंना एकमेकांवर विश्वास नसलेली मंडळी आहेत? २०२५मध्ये आलेल्या लिनक्स ६.१७ कर्नलने नेमकी हीच विभागणी सेटिंगमध्ये आणली आहे. त्यात एकेका दोषाचं नाव लक्षात ठेवावं लागत नाही. कुठली हद्द सांभाळायची ते सांगायचं आणि त्यासाठी लागणारी मिटिगेशन कर्नल स्वतः निवडतो. हायपरथ्रेडिंगची, म्हणजे एकाच कोअरवर दोन कामं एकाच वेळी चालवण्याच्या सोयीची, बाब त्यात वेगळी ठेवली आहे, तिच्याकडे पुढे येतो. तुमच्याकडे जुना कर्नल असला तरी विचार याच चौकटीत करा.

पायरी २: मशीन स्वतःबद्दल काय सांगतंय ते वाचा

सिस्टिममध्ये /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात प्रत्येक दोषाच्या नावाची एक फाइल आणि प्रत्येक फाइलीत एक ओळ. सगळ्या एकदम वाचायच्या तर 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्या. तिच्या शेवटी हीच यादी येते. विंडोज सर्व्हर असेल तर पॉवरशेलसाठी मायक्रोसॉफ्टने 'गेट-स्पेक्युलेशनकंट्रोलसेटिंग्ज' नावाची आज्ञा दिली आहे, ती असंच चित्र दाखवते.

नवखी माणसं या ओळी अर्ध्याच वाचतात, म्हणून एक ओळ फोडून दाखवतो. एमडीएसच्या फाइलीत असं दिसलं समजा: 'मिटिगेशन: क्लिअर सीपीयू बफर्स; एसएमटी व्हल्नरेबल'. 'मिटिगेशन' शब्द दिसला की डोळा निर्धास्त होतो. पण अर्धविरामाच्या पुढचं वाचा. बफर धुतले जातात हे खरं, पण एसएमटी, म्हणजेच हायपरथ्रेडिंग, चालू आहे, त्यामुळे त्याच कोअरच्या दुसऱ्या थ्रेडवर बसलेला शेजारी धुण्याच्या आधी डोकावू शकतो. म्हणजे हे अर्धं संरक्षण झालं. हीच ओळ व्हर्च्युअल मशीनच्या आत बघितलीत तर 'एसएमटी होस्ट स्टेट अननोन' असं दिसू शकतं. त्याचा अर्थ, आतल्या मशीनला होस्टवर काय चाललंय ते दिसत नाही. त्याचं उत्तर होस्टवर जाऊनच बघावं लागेल.

'नॉट अफेक्टेड' म्हणजे त्या प्रोसेसरला तो दोष नाही, आणि त्या उपायाचा खर्चही नाही. इंटेलच्या नव्या सर्व्हर प्रोसेसरवर मेल्टडाउन आणि एल-वन-टी-एफसमोर हेच दिसतं, कारण दुरुस्ती सिलिकॉनमध्येच झाली आहे. अशा मशीनवर 'पीटीआय बंद केलं की वेग वाढतो' हा जुना सल्ला निरर्थक आहे. तिथे पीटीआय मुळात चालूच नसतं. सर्वांत काळजीची ओळ म्हणजे जिच्यात 'व्हल्नरेबल' आणि पुढे 'नो मायक्रोकोड' असतं. कर्नल उपाय करायला तयार आहे, पण प्रोसेसरला तो कसा करायचा हेच ठाऊक नाही. ती दिसली तर पुढची पायरी आजच करा.

पायरी ३: मायक्रोकोड आणि कर्नल

मायक्रोकोड हा प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्रॅम. तो मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून येतो किंवा बूट होताना लिनक्स चढवतं. डेबियन आणि उबंटूवर त्याची पॅकेजं इंटेल आणि एएमडीसाठी वेगवेगळी आहेत. सध्याची आवृत्ती /प्रॉक/सीपीयूइन्फो फाइलीत 'मायक्रोकोड' या शब्दासमोर दिसते. अपडेटच्या आधी आणि नंतर ती लिहून ठेवा. बदलली नसेल तर अपडेट चढलंच नाही.

इथे एक खड्डा आहे, ज्यात खूप जण पडतात. होस्टवर मायक्रोकोड नवा आला, होस्टची यादी स्वच्छ दिसली, पण आतल्या व्हर्च्युअल मशीन अजून 'नो मायक्रोकोड' म्हणतात. कारण आतल्या मशीनला प्रोसेसरची कोणती वैशिष्ट्यं दाखवायची हे तिच्या सीपीयू मॉडेलच्या सेटिंगवर ठरतं. जुनं मॉडेल निवडलेलं असेल तर 'एमडी-क्लिअर'सारखी नव्या वैशिष्ट्याची खूण (फ्लॅग) आत पोचत नाही. सेटिंग सुधारा आणि व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. आतून दिलेला रीबूट पुरत नाही, कारण होस्टवरची तिची प्रोसेस तीच राहते.

नवा कर्नल केवळ सुरक्षेसाठी घ्यायचा असंही नाही. पहिल्या घाईत लिहिलेले उपाय पुढे सुधारत गेले. उदाहरणार्थ, सेककॉम्प (प्रोसेसला कुठले सिस्टिम कॉल करता येतील ते मर्यादित करणारी सोय) वापरणाऱ्या प्रोसेसवर, म्हणजे बहुतेक कंटेनरवर, आधी दोन महागडे उपाय आपोआप लागत, लिनक्स ५.१६पासून ते आपोआप लागणं बंद झालं, कारण त्या ठिकाणी त्यांचा फायदा खर्चाच्या मानाने कमी होता. पाच-सहा वर्षं जुन्या कर्नलवर बसून मिटिगेशनला दोष देण्यात अर्थ नाही. आधी तो बदला, मग बोलू.

पायरी ४: स्वतःचं काम मोजा

दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नका. रेटब्लीड शोधणाऱ्या ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी त्यावरच्या उपायांचा खर्च एएमडीवर १४ आणि इंटेलवर ३९ टक्के मोजला होता. हे आकडे खरे आहेत, पण ते त्या प्रोसेसरचे आणि त्या चाचण्यांचे आहेत. तुमच्याकडे तो ० असू शकतो.

सुरुवात 'व्हीएमस्टॅट १' या साध्या आज्ञेने करा. दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात 'यूएस' म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या हिशेबात गेलेला वेळ, 'एसवाय' म्हणजे कर्नलमध्ये गेलेला वेळ आणि 'सीएस' म्हणजे एका सेकंदात किती वेळा एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली. टोलनाक्याची उपमा आठवा. 'यूएस' ९५च्या पुढे आणि 'सीएस' काहीशे असेल तर तुमची गाडी गावातच फिरतेय. हद्दीवरच्या मिटिगेशनचा तिच्यावर नगण्य परिणाम असणार. मोठी गणितं, सिम्युलेशन, व्हिडिओ एन्कोडिंग ही कामं अशी असतात. उलट 'एसवाय' ३०-४० आणि 'सीएस' लाखाच्या घरात असेल, जसं छोट्या छोट्या विनंत्या झेलणाऱ्या डेटाबेसवर किंवा नेटवर्क प्रॉक्सीवर होतं, तर नाक्यावर खरंच रांग लागली असण्याची शक्यता आहे. गणिताच्या कामांना अपवाद डाउनफॉलचा: 'यूएस' ९९ असूनही 'गॅदर' सूचना भरपूर वापरणारं काम मंदावू शकतं, कारण तो कर गावातला आहे.

शंका खरी वाटली तर तुलना करा. मशीनवरून बाकीच्यांना आधी कळवून उतरवा. देखभालीची वेळ ठरवा, लॉगिन बंद ठेवा. संरक्षण काढून मोजमाप करायचं तर शेजारी घरात असताना नाही. बूट मेन्यूत 'ई' दाबून त्या एका बूटपुरता पॅरामीटर बदलता येतो. पुढच्या रीबूटला तो आपोआप जातो. कायमच्या फाइलीला चाचणीसाठी हात लावू नका. बूट झाल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून पॅरामीटर खरंच लागला आहे ना ते बघा. मग तेच काम, तोच डेटा, किमान दहा वेळा. सरासरीऐवजी मध्यक धरा, कारण एखादी भरकटलेली फेरी सरासरी बिघडवते. आणि एका वेळी एकच बदल.

ही शिस्त मी एका प्रसंगातून शिकलो. ज्या सामायिक सर्व्हरची देखभाल मी हाती घेतली, तिथे आधीच्या कोणीतरी वेगाच्या तक्रारीवरून 'मिटिगेशन्स=ऑफ' कायमचं लावून ठेवलं होतं. तक्रारी तरी थांबल्या नव्हत्या. बघितलं तर सीपीयूचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा क्लॉक किती वेगाने चालवायचा ते ठरवणारा भाग, वीज वाचवण्याच्या सेटिंगवर होता. तो बदलल्यावर कामं सुरळीत झाली, आणि मिटिगेशन परत चालू केल्यावर कोणालाही फरक जाणवला नाही. मधल्या सगळ्या काळात अनेक वापरकर्त्यांच्या किल्ल्या एकमेकांसमोर उघड्या पडण्याचा धोका होता आणि बदल्यात काहीच मिळालं नव्हतं. म्हणून गव्हर्नर, डिस्कची रांग, मेमरी भरून स्वॅप चालू आहे का, एकाच कोअरवर सगळी इंटरप्ट येतायत का, हे आधी बघा. मिटिगेशन शेवटी.

पायरी ५: हायपरथ्रेडिंगचा निर्णय

हा सर्वांत कठीण निर्णय आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

हायपरथ्रेडिंग, ज्याला लिनक्समध्ये एसएमटी म्हणतात, त्यात एकच कोअर दोन असल्यासारखा दिसतो. दोन्ही थ्रेड एल-वन कॅश आणि आतले बफर वाटून घेतात. हद्द ओलांडताना बफर धुण्याचा उपाय एका थ्रेडवर चालतो. पण दुसरा थ्रेड त्याच क्षणी शेजारीच चालू असतो, त्याने हद्द ओलांडलेलीच नसते. म्हणून एल-वन-टी-एफ आणि एमडीएससाठी बाधित प्रोसेसरवर पूर्ण संरक्षण हवं असेल तर दोन परस्पर अनोळखी कामं एका कोअरच्या दोन थ्रेडवर एकाच वेळी बसता कामा नयेत. ओपनबीएसडीने जून २०१८मध्येच इंटेलवर हायपरथ्रेडिंग मुळातून बंद ठेवायचं ठरवलं ते याच भीतीने.

बंद करणं सोपं आहे: /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/एसएमटी/कंट्रोल या फाइलीत 'ऑफ' लिहा, रीबूटही लागत नाही. कायमचं करायचं तर बूट पॅरामीटर 'मिटिगेशन्स=ऑटो,नोएसएमटी'. यात मशीन बाधित असेल तरच एसएमटी बंद होतं, नाहीतर चालू राहतं. नवख्यांसाठी मला हाच पर्याय रास्त वाटतो. दिसणाऱ्या सीपीयूंची संख्या निम्मी होते, पण वेग निम्मा होत नाही, कारण दुसरा थ्रेड काही पूर्ण कोअर नव्हताच. गणिताच्या काही कामांना तर बंद केल्यावर बरंच वाटतं.

वेग गमवायचा नसेल तर मधला मार्ग आहे: कोअर शेड्युलिंग. लिनक्स ५.१४पासून कर्नलला सांगता येतं की अमुक प्रोसेस एका गटातल्या, तमुक दुसऱ्या. मग एका कोअरच्या दोन्ही थ्रेडवर एकाच गटाची कामं बसतात. त्या गटाचं दुसरं काम नसेल तर दुसरा थ्रेड रिकामा ठेवला जातो. घरातली माणसं घरातच राहतात, अनोळखी माणसाला आत जागा मिळत नाही. अनेक व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर याचा चांगला उपयोग होतो, मात्र हायपरवायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, त्याला साथ द्यायला हवी.

पायरी ६: वेगळं बसवा

भिंतीला कान असतात हे इथे अक्षरशः खरं आहे, तेव्हा भिंतच सामायिक ठेवू नका.

गणनेच्या क्लस्टरवर स्लर्म (कामांना नोड वाटून देणारा प्रोग्रॅम) असेल तर एका नोडवर एका वेळी एकाच वापरकर्त्याची कामं बसतील अशी पार्टिशनची सेटिंग आहे, 'एक्सक्लुझिव्हयूजर'. थोडी जागा वाया जाते, पण वापरकर्त्या-वापरकर्त्यांमधली हद्द त्या नोडवरून नाहीशी होते. माझ्या मते एवढ्या कमी कष्टात इतका फायदा देणारा दुसरा बदल नाही.

व्हर्च्युअल मशीनसाठी प्रत्येक मशीनला पूर्ण कोअर द्या, अर्धा नाही. यात एक फसगत होते. सीपीयू ४ आणि ५ एकाच कोअरचे असतील असं गृहीत धरलं जातं. पण अनेक सर्व्हरवर ४ची जोडी ३६ असते. टोपोलॉजी डिरेक्टरीतली 'थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट' फाइल वाचा, तीत खरी जोडी दिसते. अंदाजाने पिन केलं, म्हणजे मशीनला ठरावीक सीपीयूंवर बांधून टाकलं, तर दोन अनोळखी मशीन एकाच कोअरवर जाऊन बसतील आणि तुम्हाला वाटेल की त्या वेगळ्या आहेत.

केएसएम, म्हणजे वेगवेगळ्या मशीनमधली सारखी मेमरी पानं एकत्र करून जागा वाचवण्याची सोय, अनोळखी ग्राहकांच्या होस्टवर बंद ठेवा. पान एक झालं की कोणी ते वाचलं हे वेळ मोजून कळू शकतं. हलक्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या फायरक्रॅकरच्या मार्गदर्शनातही अनेक ग्राहकांच्या होस्टसाठी एसएमटी आणि केएसएम दोन्ही बंद ठेवायला सांगितलं आहे.

कंटेनरबद्दल गैरसमज जास्त आहेत. सगळे कंटेनर एकाच कर्नलवर चालतात. सीपीयूची मर्यादा घातली म्हणजे कॅश वेगळी झाली असं नाही. अनोळखी कोड चालवायचा असेल तर प्रत्येक कंटेनरला स्वतःचा कर्नल देणारं काटा कंटेनर्ससारखं साधन घ्या, किंवा तो कोड वेगळ्या नोडवर पाठवा.

पायरी ७: सैल करायचंच असेल तर

पहिल्या पायरीच्या कागदावर जिथे शेजारी नाही असं निघालं, तिथे सैल करायला हरकत नाही. एकाच गटाचा, इंटरनेटपासून तुटलेला, ठरलेलाच कोड चालवणारा गणनेचा नोड हे चांगलं उदाहरण. तिथेही सरसकट 'ऑफ'पेक्षा मोजमापात जे दोषी ठरलं तेवढंच काढा. डाउनफॉलचा फटका बसत असेल तर फक्त 'गॅदर डेटा सॅम्पलिंग'चा पॅरामीटर बंद करा, बाकी तसंच राहू दे. कर्नल ६.१७ किंवा पुढचा असेल तर ज्या हद्दी तुमच्याकडे नाहीतच तेवढ्यांचं संरक्षण सोडता येतं. व्हर्च्युअल मशीन चालवतच नसाल तर त्यांच्या हद्दींचं ओझं कशाला?

अनोळखी व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर, अनेकांच्या लॉगिन सर्व्हरवर आणि बाहेरचा कोड बिल्ड करणाऱ्या मशीनवर मात्र काहीही सैल करू नका, कितीही तक्रारी आल्या तरी. तिथे वेग दुसरीकडून मिळवा. नाके कमी वेळा ओलांडा: हजार छोट्या लिहिण्यांऐवजी एक मोठं लिहिणं, विनंत्या गठ्ठ्याने पाठवणं. कुठला प्रोग्रॅम किती सिस्टिम कॉल करतो हे 'एसट्रेस' ला 'सी' पर्याय देऊन मोजता येतं. पण एसट्रेस स्वतः काम मंद करतो, म्हणून ते चाचणीच्या मशीनवर. मोठ्या डेटाबेसला ह्यूज पेजेस (मोठ्या आकाराची मेमरी पानं) द्या, पीटीआयमुळे टीएलबीवर, म्हणजे पेज टेबलांच्या कॅशवर, येणारा ताण कमी होतो. आणि पुढची खरेदी करताना नव्या प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येइतकंच त्याच्या 'नॉट अफेक्टेड'च्या यादीकडे बघा. जुन्या स्वस्त मशीनवर मिटिगेशनचा जो कर दररोज भरावा लागतो, तो किमतीच्या हिशेबात धरायला हवा.

पायरी ८: लिहून ठेवा

प्रत्येक मशीनसाठी अर्ध्या पानाची नोंद पुरे: मशीनवर कोण असतं, कुठल्या हद्दी महत्त्वाच्या ठरवल्या, एसएमटी चालू की बंद, कोणता पॅरामीटर बदलला, का बदलला, मोजलेले आकडे कोणते, तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव. 'का' हा रकाना रिकामा ठेवू नका. दोन वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्याला बूट पॅरामीटर दिसेल, त्यामागचं कारण दिसणार नाही, आणि मशीनचा वापर तोवर बदललेला असेल. ज्या नोडवर तुमचा एकच गट होता, तिथे चार गट आलेले असतील.

त्या नोंदीबरोबर व्हल्नरेबिलिटीज डिरेक्टरीची प्रतही जोडा. कर्नल किंवा मायक्रोकोड बदलला की नवी प्रत घ्या आणि जुनीशी ताडून बघा. नवी फाइल आली असेल, एखाद्या ओळीचं 'मिटिगेशन' बदलून 'व्हल्नरेबल' झालं असेल, किंवा अर्धविरामाच्या पुढे नवा शब्द आला असेल, तर पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा आणि त्यावरची नावं अजून तीच आहेत का ते विचारा.